क्लबात गटारवाला का नाही?

दोस्तांनो, एक साधा सवाल टाकतो. आपापल्या तालुक्याच्या गावात जो सेवाभावी क्लब असेल त्याच्या सभासदांची यादी मिळवा. डॉक्टर सापडेल. वकील सापडेल. आडत्या, बिल्डर, कापडवाला, पेट्रोल पंपवाला, चार्टर्ड अकौंटंट, साखर कारखान्याचा इंजिनियर, सगळे सापडतील. गटारात उतरणारा सापडतो का बघा. झाडूवाली सापडते का बघा. माझ्या पाहण्यात तरी एक नाही. कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा, छापू.

हसण्यावारी नेऊ नका. हा सवाल माझ्या पदरचा नाही, त्यांच्याच पोथीतला आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला अमेरिकेत शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं रोटरी काढली. पहिल्या बैठकीला चौघं होते : हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी. बैठक आज ह्याच्या हापिसात, पुढच्या खेपेला त्याच्या. अशी फिरती, म्हणून नाव रोटरी. सभासद करून घेण्याचा नियम असा की एका धंद्याचा एकच माणूस. ह्याला ते वर्गीकरण म्हणतात. वकिलाची जागा भरली की दुसरा वकील नाही. हेतू उघड होता. आपसात ओळखी वाढवायच्या, एकमेकांचं गिऱ्हाईक एकमेकांकडं फिरवायचं. सेवा मागनं आली. पुढं १९१७ मध्ये त्याच शिकागोत मेल्विन जोन्स ह्या विमा एजंटानं लायन्स उभी केली. धंदेवाल्यांनीच उभी केली, पण निदान लपवलं नाही.

१९१९ ला रोटरी कलकत्त्याला आली. आणि तो वर्गीकरणाचा नियम अशा देशात आला, जिथं धंदा म्हणजेच जात. धंद्यावरनं माणसं वेगवेगळ्या खणांत ठेवायची अक्कल आम्हाला शिकागोनं शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडं ती दोन हजार वर्षं मुरलेली होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात हेच उघडं केलं, की इथं नुसती कामं वाटलेली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वाटून टाकलेली आहेत. आता विचार करा. प्रत्येक धंद्याचा एक प्रतिनिधी घेऊन गावाचं चित्र पुरं करायचं, हा जर क्लबाचा नियम, तर गावातला सगळ्यात जुना, सगळ्यात गरजेचा, ज्याच्या वाचून आठ दिवसांत गाव सडेल असा धंदा त्या चित्रात कुठं आहे? नियम पुढं सैल झाला, आता एका धंद्यातले बरेच जण चालतात. डॉक्टर एकाचे पाच झाले. गटारवाला शून्याचा शून्यच राहिला.

कुणी म्हणेल, अहो, वर्गणी परवडायला पाहिजे, जेवणाचा खर्च असतो, इंग्रजी यायला पाहिजे. बरोबर आहे. पूर्वी पाणवठ्याला पाटी लावायची गरज नव्हती, आता हॉटेलच्या बिलाला नाही.

आणि गंमत बघा. शिकागोच्या रोटरीनं १९०७ मध्ये पहिलं लोकोपयोगी काम कोणतं हातात घेतलं? सार्वजनिक संडास! शहरात बाहेर पडलेल्या माणसाला जायला जागा नव्हती, ती झाली पाहिजे म्हणून क्लबानं पुढाकार घेतला. चांगलं काम. मी टिंगल करत नाही. ज्या गोष्टीचं नाव काढायला भला माणूस लाजतो ती त्यांनी पहिल्यांदा हातात धरली. म्हणजे ह्या सगळ्या जागतिक सेवेची पायाभरणीच संडासावर झाली आहे. फक्त शिकागोत जो प्रश्न पुरेसा होता — संडास बांधायचा कुठं — तो इथं अर्धाच प्रश्न आहे. इथं दुसरा अर्धा आहे : तो साफ कोण करणार? ह्या अर्ध्याला हात लावला की जातीला हात लागतो. म्हणून क्लब बांधकामापाशी थांबतो आणि फीत कापतो.

आमच्या वस्तीत असाच एक संडास झाला. क्लबाचं नाव लिहीत नाही. नावानं काही बिघडत नाही, गावोगाव तेच आहे. दहा सीटचा ब्लॉक, पाच बायांना, पाच बाप्यांना. परदेशातल्या क्लबाची भागीदारी होती. पाहुणे आले. आमच्या पोरींना लेझीम घेऊन उन्हात उभं केलं. पाहुण्यांनी आमच्या पोरांबरोबर फोटो काढले, आणि त्यांच्यातल्या एका म्हातारीनं खरोखरीच्या मायेनं एका शेंबड्या पोराला उचलून घेतलं, तेही सांगतो. मायेबद्दल तक्रार नाही. संगमरवरी पाटीवर सोळा नावं आहेत, मोजलीत मी. दोन देशांचे दोन क्लब, गव्हर्नर, अध्यक्ष, सचिव, प्रकल्पप्रमुख, त्यांचे सौभाग्यवती-पती, सगळे. नगरपरिषदेनं पाण्याचं कनेक्शन दिलं नाही. क्लबाचा प्रकल्प तर फीत कापली तेव्हाच पुरा झाला होता, अहवाल गेला होता. आठ महिन्यांत टाकी तुंबली, मैला वर आला, लहान पोरं त्यातनं शाळेला जायची. मग एका रात्री ठेकेदारानं आमच्याच वस्तीतली दोन माणसं बोलावली. पाचशे-पाचशे रुपये आणि वर एकेक क्वार्टर. दोर नाही, मास्क नाही, कमरेला पट्टा नाही. बादली आणि घमेलं. दोघं उतरली.

दोघं जिवंत वर आली, म्हणून बातमी झाली नाही.

त्या दोघांची नावं पाटीवर नाहीत. सोळा नावांनी संडास बांधला आणि दोन नावांनी तो चालवला. आणि हे जे रात्री झालं तो गुन्हा आहे. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. क्लबात वकील आहेत. त्यांना हा कायदा माहीत नसेल असं म्हणणं म्हणजे त्यांच्या सनदेचा अपमान.

आता पोलिओकडं येतो, कारण तुमच्यातला कुणीतरी मला अडवणारच : दादा, तुम्ही सगळंच झोडपता, पोलिओ कुणी घालवला?

घालवला. मी नाकारत नाही, उलट हात जोडतो. १९८५ मध्ये रोटरीनं पोलिओ घालवायचा पण केला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं तेच उद्दिष्ट घेतलं, तेव्हा जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख पोरं लुळी होत होती. क्लबवाल्यांनी दोन अब्ज डॉलरच्या वर पैसा ओतला, सरकारांच्या मागं लागले, दिल्लीपासनं जिनिव्हापर्यंत दारं ठोठावली. आपल्याकडं १९९५ पासनं पल्स पोलिओ सुरू झालं. २००९ सालीसुद्धा देशात ७४१ केसेस होत्या, जगातल्या जवळजवळ निम्म्या. शहाणे लोक म्हणत होते की भारतातनं पोलिओ कधीच जाणार नाही, इतकी घाण, इतकी गर्दी. गेला. शेवटची केस १३ जानेवारी २०११, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली. २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं.

हे कसं झालं ते नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. पोलिओचं काम हे वाटप नव्हतं. शंभर पोरांना डोस देऊन फोटो काढून कुणी घरी गेलं नाही. घर न् घर मोजलं. खडूनं दारावर खुणा केल्या. डाव्या करंगळीला शाई लावली. रेल्वे फलाटावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर माणसं उभी राहिली. एक पोरगं सुटलं तरी काम अपुरं, असा हिशोब ठेवला. मुंबईच्या गटारांतलं पाणी २००१ पासनं नियमानं तपासत राहिले, की विषाणू अजून आहे का. आणि आकडा ठरवला : शून्य. कमी नाही, बरंचसं नाही. शून्य.

म्हणजे ह्या लोकांना शून्यावर जाता येतं! हे त्यांनीच जगाला दाखवून दिलं.

मग त्याच गटारात उतरणाऱ्या माणसाचा मृत्यू शून्यावर आणायचा पण कुठल्या क्लबानं, कुठल्या वर्षी केला? सरकारनं संसदेत दिलेला आकडा आहे : २०१९ ते २०२३ ह्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेली. हे सरकारी आकडे, म्हणजे ज्यांची नोंद झाली ते. २०२४ मध्ये सरकारनंच देशभरातल्या सुमारे ३८,००० गटार-टाकी कामगारांची नोंद केली तेव्हा शंभरातले ब्याण्णव अनुसूचित जाती, जमाती आणि मागास वर्गातले निघाले. निव्वळ अनुसूचित जातीचेच शंभरात अडुसष्टच्या वर. हे वर्गीकरण बघा! शिकागोचं नव्हे, मनूचं. शंभर वर्षं क्लबाला जो धंदा दिसला नाही त्याची माणसं मरणाच्या यादीत बरोब्बर सापडतात.

एक योगायोग मी तुमच्या वहीत लिहून ठेवायला सांगतो. ज्या दिवशी भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्याच दिवशी, २७ मार्च २०१४ ला, सुप्रीम कोर्टानं सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात निकाल दिला, की १९९३ पासनं गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. एकाच तारखेला दोन कागद झाले. एकात लिहिलं होतं की गटारातला विषाणू मेला. दुसऱ्यात लिहिलं होतं की गटारात माणूस मरतो आहे. पहिल्या कागदाचे सत्कार झाले, जेवणावळी झाल्या. दुसऱ्या कागदाची अंमलबजावणी करा म्हणून पुन्हा कोर्टात जावं लागलं, आणि २० ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाला ती रक्कम तीस लाख करून पुन्हा एकदा सरकारचे कान धरावे लागले.

असं का? वाईट माणसं आहेत म्हणून? नाही. त्यांच्यातली कितीतरी माणसं घरी-दारी भली आहेत. कारण निराळं आहे, आणि ते क्रूर आहे. पोलिओचा विषाणू जात विचारत नव्हता. तो मैल्यातनं पाण्यात यायचा आणि वस्तीतनं बंगल्यातही जाऊ शकायचा. वस्तीतलं शेवटचं पोरगं सुरक्षित झाल्याशिवाय बंगल्यातलं पोरगं सुरक्षित नव्हतं. गटारातला वायू मात्र शिस्तीचा आहे. तो मॅनहोलच्या बाहेर येत नाही. तो कुणाच्या नळातनं कुणाच्या बंगल्यात पोचत नाही. तो आमच्यावरच थांबतो. जे दुःख आमच्यावरच थांबतं त्याला ते दान देतात. जे त्यांच्यापर्यंत पोचतं त्याला ते संपवतात.

आणि पोलिओचे डोस पाजले कुणी, तेही विचारा. जाकीट घालून बूथवर फीत कापणारे तासाभरात गेले. दिवसभर पाय तुडवले अंगणवाडीच्या बायांनी, आशा ताईंनी. त्यांना ‘सेविका’ म्हणतात आणि पगाराला ‘मानधन’ म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बाया पगारवाढ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी महिन्याच्या वर संपावर बसल्या होत्या. सेवेचा बिल्ला एकाच्या छातीवर, सेवेचं जू दुसरीच्या मानेवर.

हा ‘सेवा’ शब्दच तपासून घ्या. सेवा आपल्याला कुणी शिकवावी? मनूनं शूद्राला एवढंच काम दिलं होतं, की वरच्या तिघांची सेवा कर आणि वर तोंड वाकडं करू नकोस. त्या पोथीला २५ डिसेंबर १९२७ ला महाडला काडी लावली. महारकी म्हणजे काय होतं? सेवाच. रात्री-बेरात्री सरकारी टपाल न्या, मेलेलं ढोर ओढा, साहेबाच्या घोड्यापुढं पळा, आणि बदल्यात शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं; वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. आपल्या आज्यांनी ज्या शब्दातनं सुटण्यासाठी हाडं झिजवली तोच शब्द आज हॉटेलात कोटाला पिन लावून मिरवतो. स्वतःच्या वर सेवा, असं त्यांचं ब्रीद आहे. आमच्या आज्याला ‘स्वतः’ असं काही ठेवूच दिलं नव्हतं, तो कशाच्या वर सेवा ठेवणार?

त्यांचे चार प्रश्न प्रसिद्ध आहेत. हर्बर्ट टेलर ह्या रोटेरियननं बुडत्या भांड्यांच्या कंपनीला वर काढण्यासाठी ते १९३२ मध्ये लिहिले. आपण जे बोलतो-करतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्यानं सलोखा वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का, असे ते आहेत. वाईट नाहीत. मी तर म्हणतो ते फळ्यावर लिहा आणि प्रत्येक सभासदाला त्याच्या कारखान्याचा, दुकानाचा, दवाखान्याचा हजेरीपट घेऊन फळ्यापुढं उभा करा. किती कामगार ठेक्यावर? किमान वेतन मिळतं का? प्रॉव्हिडंट फंड कापून भरता का, की नुसताच कापता? दवाखान्यातला कचरा उचलणाऱ्या बाईला हातमोजे कुणी दिले? मग शनिवारच्या ब्लँकेटवाटपाकडं वळू.

ब्लँकेटवरनं आठवलं. गेल्या थंडीत वाटप होतं. नऊची वेळ दिलेली, पाहुणे एकला आले. म्हाताऱ्या बायांना ओळीत बसवून ठेवलं होतं, पाण्याला उठलं तर नंबर जाईल म्हणून एकीनंही जागा सोडली नाही. प्रत्येक ब्लँकेटाला सहा हात, पाच देणाऱ्यांचे आणि एक घेणारीचा, आणि तिला सांगायचे, आजी, वर बघा, कॅमेऱ्याकडं. माझी आत्या घरी येऊन म्हणाली, “कांबळं बरं हाय रं. पर घेताना मान खाली घालायला लागती, मंग ते ऊब कशी धरंल?” आत्या शाळेत गेलेली नाही.

१९३२. टेलरच्या चार प्रश्नांचं साल म्हणून सांगितलं, पण ते आपलंही साल आहे. पुणे करार झाला, आणि त्याच्या पाठोपाठ स्पृश्यांनी अस्पृश्यता-निवारणाचा संघ काढला; तोच पुढं हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष बिर्ला, सचिव ठक्कर. बाबासाहेब गोलमेज परिषदेला बोटीनं निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ ला त्यांनी बोटीवरनं ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. तुम्ही सगळ्यांनी ते मुळातनं वाचा. त्यात ते सांगतात की कामाच्या दोन वाटा आहेत. एक, एकेका माणसाला धरून त्याला सुधारायचं, म्हणजे दारू सोड, आंघोळ कर, ही घे पुस्तकं, हा घे दवाखाना. दुसरी, तो माणूस ज्या परिस्थितीत जखडला आहे तीच बदलायची. त्यांनी दुसरी वाट धरायला सांगितली. विहिरी, शाळा, चावडी इथले नागरी हक्क बजावून घेण्यासाठी गावोगाव मोहीम काढा. कापड गिरण्यांत अस्पृश्याला चांगल्या पगाराच्या विणाई खात्यात घेत नाहीत, तिथं घ्यायला लावा. दंगा होईल, डोकी फुटतील, तरी करा, कारण खडबडून जागं झाल्याशिवाय सनातनी माणूस विचार करत नाही. आणि काम करणारी माणसं अस्पृश्यांतली घ्या.

त्या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलं आहे. संघाच्या कारभारात आम्हाला जागा द्या म्हणून अस्पृश्य मागायला गेले तर उत्तर मिळालं, की पैसा हिंदूंचा, प्रायश्चित्त हिंदूंचं, तेव्हा कारभारही हिंदूंनीच करायचा. बघा, म्हणजे आम्ही त्यांच्या पापक्षालनाचं तीर्थ. तीर्थाला काय मत असतं?

आजचे क्लब गांधींचे नाहीत, बिर्लांचे नाहीत, ते कुठलंही प्रायश्चित्त घेत नाहीत. पण वाट तीच पहिली. आता तिला जागतिक कागद जोडले गेले, एवढंच. रोटरीच्या जागतिक अनुदानाला दोन देशांतले क्लब लागतात आणि प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा लागतो. वस्तीच्या गरजांची पाहणीही जोडावी लागते. छान. पण पाहणीला माणूस येतो तेव्हा विचारतो काय? शिलाई मशीन पाहिजे का, डिजिटल फळा पाहिजे का, हात धुवायचे नळ पाहिजेत का? आमच्या बायका म्हणतात, पाहिजेत. गरिबाला काय पाहिजे असं विचारल्यावर तो काय नको म्हणेल? सफाईचं काम ठेक्यातनं काढून कायम पाहिजे का, हा रकाना त्या फॉर्मात नसतो. त्याचा फोटो निघत नाही, आणि ते मागितलं की ठेकेदार दुखावतो, आणि ठेकेदार कधी कधी त्याच टेबलाला जेवायला असतो.

हक्कानं काय मिळतं त्याचंही एक उदाहरण देतो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं खटला लढवला. एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना कायम करायचा हुकूम कायम ठेवला. सत्तावीसशे चुली! हे शिलाई मशीननं होत नाही. आणि रोटरीचं स्वतःचं दारसुद्धा सेवेनं उघडलेलं नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबानं तीन बायांना सभासद केलं, तर पुढच्या वर्षी रोटरीनं तो क्लबच बाहेर काढला. शेवटी ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं बायांच्या बाजूनं निकाल दिला, आणि १९८९ मध्ये रोटरीनं नियम बदलला. म्हणजे हक्क भांडल्याशिवाय मिळत नाही, हे त्यांनाही घरच्या अनुभवानं माहीत आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण. आमच्या जयंती मंडळाला क्लबाचं पत्र आलं आहे. १४ एप्रिल एकत्र करू. रक्तदान, सरबत, गुणवंतांचा सत्कार. आणि वस्तीत अभ्यासिका बांधून देऊ : वीस टेबलं, खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, इन्व्हर्टर. बाहेर एका सभासदाच्या दिवंगत वडिलांचं नाव. त्या वडिलांबद्दल मी गेलेल्या माणसाची मर्यादा पाळतो. वस्तीतली साठी ओलांडलेली माणसं सांगतील ते त्यांच्याकडनं ऐका.

मंडळातली पोरं दोन बाजूंना झाली आहेत. एक पोरगी मला म्हणाली, “दादा, तुमचं सगळं पटतं. पण घरात आम्ही सात जण, एक बल्ब. मी एमपीएससीचा अभ्यास कुठं करू? तुमच्या लेखात?” मला राग आला नाही. तिचं खरं आहे. जो कार्यकर्ता ह्या पोरीला टेबल न देता नुसतं बाणेदार राहा म्हणतो तो भडभड्या आहे. बाबासाहेबांनीही वसतिगृहं काढली, १९२५ मध्ये सोलापूरला काढलं, पैसे गोळा केले, देणाऱ्याचे घेतलेही. फरक एवढा की वसतिगृह चालवणारी सभा आपली होती आणि तिथं वाढलेलं पोर कुणाच्या वडिलांच्या नावाखाली वाढत नव्हतं.

टेबल पाहिजेच. ते कुणाच्या दारातनं आणायचं, एवढाच वाद आहे. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढायची योजना १९७९-८० पासनं ह्या देशात आहे. दलित वस्ती सुधारणेचा निधी जिल्ह्यात येतो. आमच्या नगरपरिषदेत तो किती आला, त्यातले किती आमच्या वस्तीत आले आणि किती बाजारपेठेच्या सिमेंट रस्त्यात गाडले, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नाही. बल्बाखाली बसलेल्या पोरीचं टेबल त्या रस्त्याखाली आहे, असा माझा संशय आहे. संशय आहे, म्हणून कागद मागायचा. आणि क्लबाला मदतच करायची असेल तर त्यांच्यातल्या वकिलानं हा कागद मिळवून द्यावा, चार्टर्ड अकौंटंटनं तो वाचून द्यावा, डॉक्टरनं टाकीत उतरलेल्या त्या दोघांची छाती तपासून खरं सर्टिफिकेट द्यावं. ह्याला तीस हजार डॉलर लागत नाहीत.

मंडळाच्या बैठकीत रडतखडत का होईना एक उत्तर ठरलं. १४ एप्रिलला स्टेज मंडळाचं राहील. ज्याला यायचं त्यानं समोर सतरंजीवर बसावं, स्वागत आहे. अभ्यासिकेला दिवंगत वडिलांचं नाव चालणार नाही. खुर्च्या द्यायच्या असल्या तर बिननावाच्या द्याव्यात, आणि अभ्यासिकेचा कारभार मंडळाची पोरं-पोरी बघतील. तिसरं, क्लबानं गावातली मेन्होलं आणि टाक्या यंत्रानंच साफ व्हाव्यात असा ठराव करून त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्यावी आणि दर महिन्याला किती माणसं आत उतरली त्याचा आकडा शून्य होईपर्यंत पाठपुरावा करावा, पोलिओसारखा. चौथं, सभासदांच्या यादीत सफाई कामगाराच्या धंद्याची जागा उघडावी. ह्या चौथ्याला पोरं हसली, पण मी ते खोडू दिलं नाही.

पत्र क्लबाच्या सचिवांच्या दुकानात नेऊन दिलं. पोच मागितली तर ते म्हणाले, पोच कशाला, आपलेच आहात. पोच घेतली. सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे.

निधीचे अर्ज रविवारी विहारात बसून भरायचे आहेत. सकाळी दहा. येताना प्रत्येकानं दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप आणावं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल त्यांना फी नाही, त्यांनी कार्डाची झेरॉक्स आणावी. वर्षवार मागायचंय : मंजूर किती, खर्च किती, कुठल्या वॉर्डात, ठेकेदार कोण.